काउबॉय बूट: टाच उचलते, बोटं आदळतात, मग नंबर वाढवायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एरवी अकरा नंबरचे स्पोर्ट्स शूज वापरणाऱ्याने टोकदार, उंच टाचेचे काउबॉय बूट ११ डी (अकरा नंबर, मध्यम रुंदी) मापात घेतले. चालताना टाच जवळजवळ पाऊण इंच वर येते, चवडा दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि तासाभरात बोटं पुढे आदळायला लागतात. कुणी म्हणतं, चामडं सैल पडेल, घालत राहा. कुणी म्हणतं, साडेअकरा घ्या. काय करावं?

साडेअकरा घेऊ नका. ही तीन लक्षणं एकाच बुटात एकत्र दिसली तर बहुतेक वेळा बूट आखूड नसतो, लांब असतो, आणि लांबीबरोबर त्याची पकडही चुकलेली असते. नंबर वाढवला तर चवड्याला दोन दिवस बरं वाटेल, पण टाच आणखी उचलेल आणि बोटं आणखी जोरात आदळतील. एकच बूट एकाच वेळी सैलही आणि घट्टही कसा असतो हे कळलं की पुढचा जोड निवडणं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पकड कुठे असते

लेसचा बूट घातला की आपण लेस आवळतो आणि बूट पायाच्या मापाचा होतो. काउबॉय बुटाला लेस नाही, चेन नाही, बक्कल नाही. त्यामागे कारण आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८६७ पासून पुढची वीसेक वर्षं, टेक्ससमधले गुरांचे कळप कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत हाकत नेले जायचे. हा बूट त्या घोडेस्वारांच्या कामातून घडत गेला. पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून टाच उंच आणि तिरकी. पाय रिकिबीत चटकन शिरावा आणि चटकन निघावा म्हणून सोल गुळगुळीत. आणि स्वार पडला, बूट रिकिबीत अडकलाच, तर निदान पाय बुटातून सुटावा, माणूस घोड्यामागे फरपटत जाऊ नये, म्हणून लेस नाही.

लेस नाही म्हटल्यावर पाय धरून ठेवायचं काम दुसऱ्या कशाला तरी करावं लागतं. ते काम पावलाच्या चढावर होतं. चढ म्हणजे पावलाची वरची बाजू, बोटांच्या मागून घोट्याकडे उंचावत जाणारा भाग. बूटवाले त्याला इन्स्टेप म्हणतात. बुटाचा सगळ्यात अरुंद रस्ता याच जागी असतो: मागे टाचेची वाटी, पुढे चढावरचं चामडं आणि मधला गळा. पाय या गळ्यातून खाली गेला की चढावरचं चामडं त्याला मागे, टाचेच्या वाटीत दाबून ठेवतं.

ही पकड ढिली असेल तर काय होतं पाहा. दीड-दोन इंचांची टाच म्हणजे पायाखाली कायमचा उतार. चढावर धरणारं काही नसलं की प्रत्येक पावलाला पाय त्या उतारावरून पुढे घसरतो आणि निमुळत्या टोकात जाऊन रुततो. बोटं दुखतात, आणि माणूस समजतो की बूट आखूड आहे. मोठा नंबर घेतल्यावर चढ आणखी ढिला होतो, घसरण्याचं अंतर आणखी वाढतं. बोटं आदळतात अशी तक्रार असेल तर बोटांकडे नंतर बघायचं, आधी चढ तपासायचा.

बूट वाकतो तिथेच पाय वाकायला हवा

बूट हातात घेऊन उलटा करा. सोल चवड्यापाशी सर्वात रुंद दिसेल, मग पायाच्या कमानीखाली झपाट्याने निमुळता होत टाचेला मिळेल. या निमुळत्या भागात, आतला इनसोल आणि बाहेरचा सोल यांच्यामध्ये, एक पोलादी पट्टी असते. तिला शँक म्हणतात. जुन्या पद्धतीने बांधलेल्या बुटात तिच्या दोन्ही अंगांना लाकडी खुंट्यांच्या ओळी ठोकलेल्या दिसतात, बहुधा लेमनवुडच्या. ओलाव्याने चामडं फुगतं आणि वाळताना आकसतं, लाकूडही त्याच्याबरोबर तसंच वागतं, त्यामुळे खुंट्या सैल होत नाहीत. हा भाग वाकत नाही आणि वाकायलाही नको, कारण कमानीला आधार तोच देतो. बूट वाकतो तो शँक संपते त्याच्या पुढे, सर्वात रुंद रेषेवर.

आता पाऊल बघा. तेही एका तिरक्या रेषेवर वाकतं. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जो हाडाचा उंचवटा असतो तिथून करंगळीच्या मुळापर्यंत. बुटाची रेषा आणि पायाची रेषा एकमेकींवर आल्या पाहिजेत. लांबीचा नंबर हा त्यासाठीचा अंदाज, एवढंच.

बूट लांब असला तर चवडा बुटाच्या रुंद भागात न बसता त्याच्या मागे, कमानीखालच्या निमुळत्या भागात अडकतो. तुमचा चवडा आवळला जातोय तो बहुधा यामुळे. बूट तुमच्या पायापुरता रुंद असेलही, पण ती रुंदी तुमच्या चवड्याच्या पुढे राहिली आहे. आणि बूट आखूड असला तर उलटं होतं: चवडा रुंद रेषेच्या पुढे जातो, शँकचं टोक चवड्याच्या मागे टोचल्यासारखं जाणवतं आणि अंगठ्याला खरोखरच जागा उरत नाही.

सारख्या लांबीच्या दोन पावलांमध्ये टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर बरंच वेगळं असू शकतं. एकाची बोटं लांब आणि कमान आखूड, दुसऱ्याची कमान लांब आणि बोटं बुटकी. मोजपट्टीवर दोघेही दहा नंबरचे, पण एकच बूट दोघांना बसेल असं नाही.

नंबर आणि अक्षर

अमेरिकन मापात एक पूर्ण नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरच्या थोडं वर. अक्षर रुंदीचं असतं. पुरुषांच्या बुटात डी मध्यम, बी अरुंद, डबल ई रुंद. स्त्रियांच्या बुटात बी मध्यम आणि सी रुंद. स्त्रीने पुरुषांचा बूट घ्यायचा झाल्यास आपल्या नंबरातून दीड वजा करावा लागतो, आणि तरीही टाचेची वाटी बहुधा सैल पडते, कारण पुरुषांच्या साच्याची, म्हणजे ज्यावर बूट शिवतात त्या पावलाच्या आकाराच्या ठोकळ्याची, टाच रुंद असते.

रुंदीचं एक अक्षर वाढलं की चवड्याभोवतीचा घेर साधारण पाव इंच वाढतो. पण एक पूर्ण नंबर वाढवला तरी घेर तितकाच, साधारण पाव इंच वाढतो. म्हणून बूट आवळत असताना मोठा नंबर घातला की खरंच मोकळं वाटतं, आणि माणूस फसतो. मोकळेपणा मिळतो घेरातून, पण त्यासाठी नको असलेली लांबीही पदरात पडते. डी आणि डबल ई यांच्यामध्ये ई येतं, पण बहुतेक कंपन्या ते ठेवत नाहीत. म्हणजे डीवरून डबल ईवर गेलात की अक्षरं दोन वाढतात, घेर सुमारे अर्धा इंच वाढतो. ११ डीऐवजी १०½ डबल ई घेतला तर लांबी चार मिलिमीटरने कमी होते आणि घेर तरीही जवळपास तीन अष्टमांश इंचाने जास्त मिळतो. तुमच्या बाबतीत माझी पहिली शंका याच मापावर आहे.

स्पोर्ट्स शूजचा नंबर इथे फारसा कामाचा नाही. ते मऊ असतात, लेसने आवळता येतात, आणि बहुतेक लोक ते अर्धा नंबर मोठेच वापरतात. काउबॉय बूट सहसा स्पोर्ट्स शूजपेक्षा अर्धा नंबर लहान बसतो, काहींना पूर्ण एक. हा अंदाज झाला. माप घ्यायलाच हवं.

माप

उत्तम साधन म्हणजे ब्रॅनॉक डिव्हाइस, बुटांच्या दुकानात दिसणारी ती सरकत्या पट्ट्यांची धातूची पाटी. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी ती १९२० च्या दशकात तयार केली आणि अजूनही तिला तोड नाही. तिच्यावर तीन मापं मिळतात: टाच ते सर्वात लांब बोट, टाच ते चवड्याचा सांधा, आणि रुंदी. घाईत विक्रेता फक्त पहिलं माप घेतो. दुसरं मागून घ्या. बाजूची सरकपट्टी अंगठ्याच्या मुळाच्या हाडाला लावून ते वाचतात. दोन नंबर वेगळे आले तर मोठा धरायचा. बोटांच्या मापाने दहा आणि चवड्याच्या मापाने साडेदहा आले तर तुमचा नंबर साडेदहा. रुंदी शेवटी वाचायची, कारण रुंदीची पट्टी ठरलेल्या नंबरावर आणूनच वाचावी लागते. चुकीच्या नंबरावर वाचलेलं अक्षर चुकीचंच येतं.

ही पाटी मिळाली नाही तर घरी कागदावर माप घ्या. संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. बुटात घालणार तेच मोजे घाला. कागद भिंतीला टेकवून ठेवा, टाच भिंतीला लावा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि आखणी दुसऱ्याला करू द्या. स्वतः वाकून आखलं की भार सरकतो आणि माप चुकतं. पेन्सिल कागदाला काटकोनात उभी धरायची. ती कमानीखाली तिरकी गेली तर पाऊल आहे त्यापेक्षा सडपातळ उमटतं. अंगठ्याच्या मुळाच्या हाडापाशी आणि करंगळीच्या मुळापाशी खूण करा. मग शिवणकामाची टेप घेऊन दोन घेर मोजा: चवड्याभोवती त्या दोन खुणांवरून, आणि चढाभोवती, कमानीच्या मधोमध जिथे पावलाच्या वर हाडाचा उंचवटा लागतो तिथून. टेप अंगाला लागलेली हवी, रुतलेली नको.

ताळा म्हणून सांगतो: ब्रॅनॉकच्या पुरुषांच्या मापात दहा नंबर म्हणजे १०⅔ इंच, सुमारे २७.१ सेंटिमीटर लांबीचं पाऊल. पाऊल तेवढं भरत असेल आणि तुम्ही अकरा घालत असाल तर गोंधळ तिथेच आहे. दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. बूट मोठ्या पायाला बसवायचा आणि लहान पायाच्या बुटात नंतर पातळ इनसोल टाकायचा.

टपालाने माप पाठवून बूट मागवायची पद्धत या धंद्यात जुनीच आहे. जस्टिन कंपनीची सुरुवात १८७९ मध्ये टेक्ससमधल्या स्पॅनिश फोर्ट गावात झाली, आणि पुढे दूरच्या गिऱ्हाइकांना घरबसल्या पाय मोजता यावा म्हणून तिने मापाचा संच पाठवायला सुरुवात केली. तेव्हाही नुसत्या नंबरावर काम भागत नव्हतं, घेर लागायचेच.

घालून बघताना

खुर्चीवर बसा. नळीच्या, म्हणजे बुटाच्या घोट्यावरच्या उभ्या भागाच्या, आतबाहेर असलेल्या ओढायच्या दोन पट्ट्यांत बोटं घाला, पाय सरळ आत सोडा आणि दोन्ही पट्टे सारखे ओढा. गळ्यापाशी पाय क्षणभर अडला पाहिजे, मग टाच झटक्याने खाली बसली पाहिजे. बऱ्याचदा हवा सुटल्यासारखा बारीक आवाज येतो. हा अडथळा आणि हा झटका म्हणजे चढाची पकड बरोबर असल्याची पहिली खूण. पाय कुठेही न अडता सरळ आत गेला तर बूट चढावर सैल आहे, बाकी काहीही छान वाटलं तरी. आणि घाम फुटेपर्यंत ओढावं लागलं, किंवा आत गेल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला ठणका लागला किंवा मुंग्या आल्या, तर चढावर घट्ट आहे. टाचेचा मागचा भाग दुमडून किंवा पाय आपटून बूट चढवू नका, वाटी कायमची मोडते.

उभे राहा, दोनदा टाच जमिनीवर टेका म्हणजे पाय मागे बसेल. आता बाहेरून अंगठ्याच्या मुळाचं हाड बोटाने चाचपा. ते सोलच्या सर्वात रुंद जागेच्या बरोबर वर आहे का बघा. पायाचा पुढचा भाग वाकवा. व्हॅम्पवर, म्हणजे चवड्यावरच्या चामड्यावर, घडी कुठे पडते ते बघा. घडी तुमच्या सांध्याच्या रेषेवर पडायला हवी. ती बोटांवर पडत असेल तर बूट लांब आहे, आणि पुढे ती घडी बोटांच्या मुळावर घासून फोड आणते.

मग चिमूट. चवड्याच्या सर्वात रुंद जागी, वरच्या चामड्यावरून बोट आणि अंगठा आडवे सरकवत दाबा. चामड्याची लहानशी लाट उठली पाहिजे. ठसठशीत घडी हातात आली तर रुंदी जास्त. काहीच हललं नाही, चामडं ताणलेलंच राहिलं, तर रुंदी कमी. वरून खाली बघा: करंगळीच्या बाजूला चामडं फुगून वेल्टच्या, म्हणजे सोलच्या कडेच्या शिलाईच्या पट्टीच्या, बाहेर लोंबत असेल तर बूट तुमच्या पायाला अरुंद आहे. तो घालत राहिलात तर फोड येणारच, आणि पुढे चामडं शिलाईपाशी फाटतं.

टाच. नव्या चामडी सोलच्या बुटात टाच पाव ते अर्धा इंच उचलणं चालतं, नव्हे, अपेक्षितच आहे. नवा सोल ताठ असतो. पाय वाकतो, सोल वाकत नाही, म्हणून टाच वाटीतून वर येते. दहा-वीस दिवसांच्या वापरात सोलला चवड्यापाशी वाक पडतो आणि उचलणं जवळजवळ थांबतं. रबरी, लवचीक सोलच्या बुटात सुरुवातीलाही फार उचलू नये. पाऊण इंच उचलतेय म्हणजे सोलच्या ताठरपणापलीकडे काहीतरी आहे, आणि ते बहुधा चढ आणि लांबी. नव्या चामडी बुटात टाच मुळीच हलत नसेल आणि चढावर दाबही जाणवत असेल तर तो जोड पुढे त्रास देऊ शकतो, अर्धा तास घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

जिने चढून बघा, टाच किती उचलते ते कळेल. जिने उतरून बघा, पाय पुढे घसरतो का ते कळेल. उतरताना बोटं पुढच्या भिंतीला लागली तर तो जोड नको. सपाट जमिनीवर दोन फेऱ्या मारून हे कळत नाही, आणि दुकानात बहुतेक जण तेवढंच करतात. घरी मागवले असतील तर गालिचावर अर्धा तास वावरा. सोलला ओरखडा गेला की परत करता येणार नाही. मधुमेहामुळे किंवा दुसऱ्या कारणाने पायाची संवेदना कमी असेल तर नुसत्या जाणिवेवर भिस्त ठेवू नका. बूट काढल्यावर कुठे लाली किंवा वळ उठलाय का ते डोळ्यांनी बघा, आणि टोकदार बूट टाळा.

टोक आणि टाच

टोकाच्या आकारावरून लोक लांबी ठरवतात आणि चुकतात. टोकदार बुटात बोटं टोकापर्यंत जायचीच नसतात. साचा बोटांच्या पुढे वाढवलेला असतो, म्हणून त्याच नंबरचा टोकदार बूट बाहेरून चौकोनी टोकाच्या बुटापेक्षा लांब दिसतो. टोक दाबून बोट लागतं का बघणं इथे निरुपयोगी आहे. तिथे रिकामी जागाच लागेल आणि बूट मोठा वाटेल. खरा प्रश्न आहे तो निमुळतेपणा कुठून सुरू होतो याचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत दुमडलं जात असेल तर तो साचाच तुमचा नाही, नंबर वाढवून तो तुमचा होणार नाही. ज्यांची बोटं जवळजवळ सरळ रेषेत संपतात त्यांनी रुंद चौकोनी किंवा गोल टोक घ्यावं. ज्यांचा अंगठा किंवा दुसरं बोट बाकीच्यांपेक्षा चांगलं लांब आहे त्यांना टोकदारही छान बसतो. टोकांच्या आकारांनाही अक्षरं दिलेली असतात, ती रुंदीची नव्हेत, आणि ती कंपनीगणिक बदलतात. अक्षरावर न जाता आकार बघा.

टाच जितकी उंच तितकी चढाच्या पकडीची गरज जास्त. रोपर टाच साधारण एक इंचाची, वॉकिंग टाच दीड इंचाची, आणि तिरकी काउबॉय टाच त्याहून उंच, दोन इंचांपर्यंत. ज्यांचा चढ सखल आहे, पाऊल वरून चपटं आहे, त्यांनी पहिला जोड रोपर किंवा वॉकिंग टाचेचा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. उतार कमी, घसरणं कमी. तोच नंबर अशा बुटात बोटांना लागत नाही हे बघून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

काय दुरुस्त होतं, काय होत नाही

लांबी दुरुस्त होत नाही. इनसोल ठरलेल्या लांबीचा असतो, पुढे टोकात कडक पेटी आणि मागे कडक वाटी असते. "घालून घालून लांब होईल" हे कधीच घडत नाही.

रुंदी थोडी वाढते. दोन बाजूंनी उघडणारा लाकडी स्ट्रेचर बूट दुरुस्त करणाऱ्याकडे असतो. तो आत बसवून, चामड्यावर स्ट्रेचचा फवारा किंवा निम्मं पाणी आणि निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल असं मिश्रण मारून, एक-दोन दिवस ठेवला की अर्ध्या ते एका अक्षराएवढी जागा मिळते. मिश्रणाने रंग उतरतो का ते आधी आतल्या बाजूला बघा. अंगठ्याच्या हाडासाठी स्ट्रेचरला जोडायचा गोलसर उंचवटा मिळतो, तेवढीच जागा फुगवता येते. चढासाठीचा स्ट्रेचर वेगळा असतो. तो असलेल्याकडेच जा, चवड्याच्या स्ट्रेचरने चढ वाढत नाही.

पाण्याने चिंब भिजवून पायावरच वाळवायची जुनी युक्ती मी कुणाला सुचवत नाही. इनसोल जाड, वनस्पतीने कमावलेल्या चामड्याचा असतो. तो भिजून पटकन वाळला की कडक होतो आणि तडकतो. पाण्याच्या पिशव्या भरून बूट फ्रीजरमध्ये ठेवण्याचंही तसंच, बर्फ कुठे किती फुगेल ते तुमच्या हातात नसतं आणि शिलाई सुटते.

सैल चढाला उपाय आहे, थोडा. आत दोन-तीन मिलिमीटरचा पातळ इनसोल टाकला की पाऊल वर उचललं जातं आणि चढ भरतो. मात्र त्याबरोबर चवड्याचा घेरही कमी होतो. चवडा आधीच आवळत असेल तर चवड्यापर्यंत न जाणारा, कमानीपाशी संपणारा तुकडा वापरा. बुटाच्या आत, चढाच्या बरोबर खाली चामड्यावर चिकटवायची पातळ गादीही मिळते. माझ्या मते ती टाचेच्या गादीपेक्षा जास्त उपयोगी. टाचेमागे गादी लावली की पाऊल पुढे ढकललं जातं आणि चवडा पुन्हा रेषेवरून हलतो. जाड मोजे हा तात्पुरता उपाय. ते चढाबरोबर चवड्यालाही आवळतात.

चामड्याचा प्रकारही बघावा लागतो. साधं गाईचं आणि शेळीचं चामडं पायाप्रमाणे वळतं. शहामृगाचं मऊ असतं, लवकर सैल पडतं, म्हणून ते नवं असताना नीट घट्टच घ्यावं. केमन मगरीच्या हाडासारख्या खवल्या आणि स्टिंगरे माशाच्या कातड्यावरचे कडक मणी ताणले जात नाहीत. सापाचं कातडं पातळ, मागे दुसरं चामडं चिकटवलेलं, ओढलं की खवले उभे राहतात. या तिघांत जे माप पहिल्या दिवशी वाटतं तेच पुढेही राहणार असं धरा.

नळीचं थोडक्यात. साधारण नळी बारा इंच उंच असते. पोटरी ज्या उंचीवर नळीचं तोंड येतं तिथे मोजा, त्यावर एक-दीड इंच मोकळं हवं, पँट आत खोचणार असाल तर आणखी थोडं. घोट्यापाशी घड्या पडल्या की नळी थोडी खाली बसते, ते बिघाडाचं लक्षण नाही.

वापरलेला जोड घेताना इनसोलवर हात फिरवा. आधीच्या माणसाच्या चवड्याचा खळगा जिथे लागतो तिथे तुमचा चवडा येत नसेल तर नंबर जुळूनही तो बूट सोडा. आणि जुन्या बुटाला नवा चामडी सोल लावला की टाच पुन्हा काही दिवस उचलते, घाबरू नका.

तयार बुटांत काहीच बसत नसेल, एका पायाचा चढ दुसऱ्यापेक्षा उंच असेल किंवा अंगठ्याचं हाड फार बाहेर आलं असेल, तर मापाने शिवून घेणं हाच रस्ता. चांगला कारागीर पावलाची आखणी घेतो आणि चवडा, कमानीचा सर्वात बारीक भाग, चढ, टाचेच्या टोकापासून चढावरून जाणारा तिरका घेर आणि पोटरी एवढे घेर तरी मोजतो. मग साच्यावर जिथे जास्त जागा हवी तिथे चामड्याचे तुकडे चिकटवून, घासून तो साचा तुमच्या पायासारखा करतो. नुसता नंबर आणि रुंदी विचारून मापाचे बूट शिवणाऱ्याकडे जाऊ नका, तो तयार साच्यावरच शिवणार आहे.

आता तुमच्या जोडाचं. सोल अजून खराब झाले नसतील तर परत करा. आधी चवड्याचं माप घ्या, मग त्याच कंपनीचा, त्याच साच्याचा १०½ डबल ई मागवा, कारण साचा बदलला की ही सगळी तुलना निरर्थक होते. शक्य असेल तर सोबत १०½ डीही मागवा. कदाचित तुमचा चवडा मुळात रुंद नाही, नुसता चुकीच्या जागी बसला होता, आणि मग डीच बरोबर निघेल. दोन पायांत दोन वेगळे बूट घालून जिने उतरा. ज्या पायाची बोटं शांत राहतील आणि ज्याची टाच अर्ध्या इंचाच्या आत उचलेल तो ठेवा. दोन्हींतही गळ्यापाशी पाय न अडता आत गेला तर समजा की तुमचा चढ सखल आहे. मग दोन्ही परत करून रोपर किंवा वॉकिंग टाचेचा साचा बघा.